हेलपाटा कुणाचा वाचला?

भाकरी थापत असाल, शेंगा फोडत असाल, तर हात चालू राहू द्या. कान तेवढे आमच्याकडे द्या. आजची गोष्ट कॉफीच्या भांड्याची आहे. तुम्ही म्हणाल, आपण चहावाल्या, ही कॉफी कुठून आणली? तर ती आणली आपल्याच एका ताईने.

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली आणि गप्पा सुरू झाल्या. गटातल्या एका ताईची बहीण पुण्यात एका फ्लॅटमध्ये घरकाम करते. ती सुट्टीला आली होती. ती सांगत होती, "आमचे साहेब गादीवरून उठत नाहीत. फोनशी बोलतात. इकडे स्वयंपाकघरात मशीन आपोआप गुरगुरतं आणि कॉफी पडायला लागते. त्याच वेळी खिडकीचा पडदा उघडतो, दिवा लागतो." सगळ्या हसल्या. कुणी म्हणालं, भुताटकीच ही! मग ती म्हणाली, "भुताटकी कसली? रात्री त्यात पाणी मी भरते, कॉफीचे दाणे मी घालते, सकाळी चोथा मी काढते. आणि नेट गेलं की साहेब मलाच हाक मारतात, ताई, जरा साधी कॉफी टाका."

हसू थांबलं. आम्हाला प्रश्न पडला, हे मशीन मग काम कुणाचं वाचवतं? आम्ही माहिती काढायला बसलो आणि शंभर-सव्वाशे वर्षांची गोष्टच हाती लागली. तीच आज सांगतो.

आपल्याकडे एक शब्द आहे, हेलपाटा. रेशन दुकानावर गेलो आणि दुकान बंद. दाखल्यासाठी तालुक्याला गेलो आणि साहेब रजेवर. पाय झिजले, काम झालं नाही. हा शब्द ध्यानात ठेवा, कारण या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी हेलपाटाच आहे.

सुरुवात करू १९०२ सालापासून. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात फ्रँक क्लार्क नावाचा बंदुका बनवणारा कारागीर होता. त्याने एका यंत्राचं पेटंट घेतलं. चहा किंवा कॉफी आपोआप करणारं ते यंत्र पलंगाशेजारी ठेवायचं. रात्री किटलीत पाणी भरायचं आणि घड्याळाला गजर लावायचा. सकाळी वेळ झाली की घड्याळातली कळ सुटायची, काडी खरखरीत कागदावर घासली जाऊन पेटायची आणि किटलीखालचा स्पिरिटचा दिवा लागायचा. पाण्याला उकळी फुटली की किटली आपोआप कलायची आणि पाणी भांड्यात पडायचं. मग घंटा वाजायची, उठा, चहा तयार! आता उशाशी आपोआप पेटणारी काडी म्हणजे जिवाला घोर, त्यामुळे हे यंत्र घरोघर काही गेलं नाही. पुढे १९३०च्या दशकात विजेवर चालणारी अशी यंत्रं निघाली आणि ती चांगली खपली. एकेकाळी तिथल्या सुखवस्तू घरांत सकाळचा चहा मोलकरीण खोलीत आणून देत असे. नंतर बायका कारखान्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत कामाला जायला लागल्या आणि घरकामाला माणूस मिळेना. मोलकरणीच्या जागी घड्याळ आलं. मात्र रात्री किटली भरायची कुणी, हे घड्याळाने कधी सांगितलं नाही.

त्याच सुमारास जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंत्झ नावाची एक गृहिणी होती. तेव्हा कॉफी उकळली की चोथा कपात यायचा, चव कडवट व्हायची आणि भांडं घासताना जीव मेटाकुटीला यायचा. मेलिटाने काय केलं? पितळेच्या भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद काढून त्यावर ठेवला आणि वरून कॉफी ओतली. खाली स्वच्छ कॉफी, वर चोथा. कागद उचलला, फेकला, झालं! १९०८ साली तिने या कल्पनेची सरकारदरबारी नोंद केली आणि त्याच वर्षी धंदा सुरू केला. भांडवल होतं ७३ फेनिश, म्हणजे एक मार्कसुद्धा नाही. आपल्या गटाच्या पहिल्या हप्त्याची आठवण होते की नाही? तिच्या नावाची कंपनी आजही चालू आहे. आम्हाला यात महत्त्वाचं वाटलं ते असं, की ज्या हातांना त्रास होत होता त्याच हातांनी उपाय शोधला. म्हणून तो स्वस्त निघाला आणि टिकला.

पुढची बाई अमेरिकेतली. लिलियन गिलब्रेथ तिचं नाव. ही बारा मुलांची आई आणि शिकलेली तज्ज्ञ. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजायच्या आणि फुकट जाणारी हालचाल कमी करायची, हे काम ती आणि तिचा नवरा करत. १९२४ साली नवरा वारला. घर चालवायचं होतं, पण कारखानदार एकट्या बाईला काम देईनात. तिने मग तीच मोजपट्टी स्वयंपाकघराला लावली. ओटा किती उंच असावा, चूल कुठे असावी, भांडं कुठे ठेवावं, याचा हिशेब मांडला. एक केक करायला जुन्या स्वयंपाकघरात बाईला २८१ पावलं चालावं लागत होतं. तिने मांडणी बदलल्यावर तोच केक ४५ पावलांत झाला. घरातल्या घरात चालणं हीसुद्धा मेहनत आहे आणि ती मोजता येते, हे या बाईने जगाला दाखवलं. आपण पाण्याच्या खेपा मोजतो का? मोजून पाहा एकदा.

आता येतो १९६०च्या दशकावर. तोवर संगणक आला होता. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात जिम सदरलँड नावाच्या इंजिनिअरने १९६६च्या सुमारास घरासाठी संगणक बांधला. कंपनीने काढून टाकलेले सुटे भाग वापरून त्याने तो घडवला. वजन साडेतीनशे किलोहून जास्त! घराचा हिशेब ठेवणं, किराणा सामानाची यादी करणं, घरातली घड्याळं चालवणं ही कामं त्याच्याकडे होती. घर आणि संगणक एकमेकांना जोडण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांतला हा एक.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६९ साली, मोठी गंमत झाली. अमेरिकेतल्या नीमन मार्कस या श्रीमंतांच्या दुकानाने आपल्या पुस्तिकेत हनीवेल कंपनीचा 'स्वयंपाकघराचा संगणक' विकायला काढला. किंमत १०,६०० डॉलर. त्या काळात तिथे चारचाकी गाडी चार हजार डॉलरच्या आत मिळत होती. तर हा संगणक करणार काय? पाककृती साठवून ठेवणार. पण त्याला पडदा नव्हता आणि अक्षरांच्या कळाही नव्हत्या. पुढे बटणं आणि लुकलुकणारे दिवे. कुठला दिवा लागला आणि कुठला विझला, यावरून बाईने ओळखायचं की आज कोबी आहे की गाजर. हे शिकायला दोन आठवड्यांचा वर्ग होता. आणि जाहिरातीचा सूर असा, की बाईला या यंत्राइतकं चांगलं रांधता आलं तर किती बरं! स्वयंपाकघरासाठी असा एकही संगणक विकला गेल्याची नोंद सापडत नाही. खपेल कसा? डाळीत मीठ किती, हे ज्या बाईला हातानेच कळतं तिने दिवे मोजत बसायचं? हे यंत्र करताना स्वयंपाक करणारीला कुणी विचारलंच नसावं, असं आम्हाला वाटतं. मेलिटाचा कागद आणि हा संगणक शेजारी शेजारी ठेवून पाहा, फरक कळेल.

खरी जोडणी झाली ती १९७५ साली, स्कॉटलंडमध्ये. ग्लेनरॉथेस गावातल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीतल्या इंजिनिअरांनी एक युक्ती काढली. घरात विजेच्या तारा असतातच, मग त्याच तारांतून निरोपही का पाठवू नये? दिव्याला एक खूण, पंख्याला दुसरी, कॉफीच्या मशीनला तिसरी. एका डबीवरचं बटण दाबलं की निरोप तारेतून पळत जायचा आणि ज्याची खूण असेल तेच उपकरण चालू व्हायचं. या पद्धतीला 'एक्स-टेन' म्हणतात. अशा २५६ खुणा देता येत. १९७८पासून अमेरिकेतल्या दुकानांत ही सामग्री मिळू लागली. पलंगावरून कॉफीचं मशीन चालू करणारं घर तेव्हापासूनचं आहे.

आता हेलपाट्याकडे वळू. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शीतपेयाच्या बाटल्या देणारं एक यंत्र होतं. विद्यार्थी दुसऱ्या मजल्यांवरून तिथे जात आणि यंत्र रिकामं निघे. किंवा बाटल्या नुकत्याच भरलेल्या असत, म्हणजे गरम. त्यांनी यंत्राच्या दिव्यांना तारा जोडून माहिती संगणकावर आणली. कुठल्या रांगेत बाटली आहे, भरून किती वेळ झाला, सगळं जागेवरून दिसू लागलं. तीन तास झाले की संगणक म्हणायचा, थंड आहे, या.

असाच हेलपाटा इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत होता. तिथे ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक भांडं असे. ते सगळ्यांच्या मालकीचं. काही जण इमारतीच्या दुसऱ्या टोकाला बसत. जिने चढून, कप घेऊन यावं, तर भांडं रिकामं! १९९१ साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेत्स्की या दोघांनी भांड्यासमोर एक कॅमेरा बसवला. कॅमेऱ्यातलं चित्र प्रत्येकाच्या संगणकावर कोपऱ्यात दिसे, पैशाएवढं लहान आणि काळं-पांढरं. मिनिटातून दोन-तीनदा ते बदलायचं. पण कॉफी आहे की नाही, एवढं कळायला ते पुरे होतं.

१९९३ साली हे चित्र इंटरनेटवर गेलं आणि सगळं जग कॉफीचं भांडं पाहू लागलं. वीस लाखांहून जास्त वेळा लोकांनी ते पाहिलं. जपानमधून निरोप आला, आमच्याकडे दिवस असतो तेव्हा तुमच्याकडे रात्र असते, दिवा चालू ठेवाल का? आज जत्रेत हरवलेलं पोर शोधायला, एटीएमवर नजर ठेवायला कॅमेरे असतात, नातवंडांचं तोंड आपण मोबाईलवर पाहतो. इंटरनेटवरून दिसणाऱ्या असल्या कॅमेऱ्यांत हा सगळ्यात पहिला मानतात. २२ ऑगस्ट २००१ला प्रयोगशाळा नव्या इमारतीत जायची म्हणून तो बंद केला. ते जुनं भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. एका जर्मन साप्ताहिकाच्या इंटरनेट विभागाने ते घेतलं.

आम्हाला ही गोष्ट फार आवडली. पण बारकाईने पाहा. कॅमेऱ्याला भांडं दिसत होतं, भांडं भरणारा हात दिसत नव्हता. कॉफी संपली हे शंभर जणांना जागेवरून कळेल, पण कुणीतरी एकाने उठल्याशिवाय ती होणार नाही.

संगणकवाल्यांनी या नादाची थट्टाही केली. १ एप्रिल १९९८ला लॅरी मॅसिंटर नावाच्या तज्ज्ञाने कॉफीच्या भांड्याशी इंटरनेटवरून कसं बोलावं, याचे नियम गंभीर चेहऱ्याने छापले. तारीख पाहिली ना? एप्रिल फूल! त्यात एक नियम असा, की चहाच्या किटलीला कुणी कॉफी करायला सांगितली, तर किटलीने उत्तर द्यावं, मी किटली आहे. त्या उत्तराला नंबर दिला ४१८. चेष्टेतला तो नंबर संगणकवाल्यांच्या जगात अजून टिकून आहे. चेष्टा होती ती पुढे खरी झाली. २०१४-१५च्या सुमारास वायफायवर चालणारी कॉफीची मशीनं दुकानात आली. पुण्याच्या त्या फ्लॅटमधलं मशीन याच वंशातलं.

ते चालतं कसं, हेही सोप्या शब्दांत ऐका. मशीनला एक कान असतो, तो वायफायचा निरोप ऐकतो. घरात एक कारभारी असतो, म्हणजे एखादी छोटी डबी किंवा फोनमधलं ॲप. त्या कारभाऱ्याला नियम सांगून ठेवायचा, सहाचा गजर वाजला की कॉफी चालू कर, पडदा उघड. वेळ झाली की कारभारी हुकूम देतो आणि मशीनमधला हात, म्हणजे स्विच, काम करतो. साधं जुनं मशीन असेल तर लोक निरोप ऐकणारा प्लग भिंतीत लावतात. पण ते मशीन खटक्याच्या बटणाचं हवं. वीज येताच जे आपण होऊन चालू होतं, तेच त्या प्लगवर चालतं. बोटाने दाबायचं मऊ बटण असेल तर वीज येऊनही ते गप्प बसतं. आपल्या शेतातल्या मोटरीला वीज आल्यावर ऑटो लागतो ना, तसंच हे प्रकरण.

बरेचदा हा कारभारी घरात नसतो. तो कंपनीच्या दूरच्या संगणकात बसलेला असतो. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या कंपनीने आपले संगणक अचानक बंद केले. लोकांच्या घरातले दिवे, पंखे, कुलपं यांना फोनवरून हुकूम देता येईना. वस्तू घरात, पैसे दिलेले, पण चावी दुसऱ्याकडे! मग काय झालं? ती उपकरणं वापरणारेच काही लोक एकत्र आले आणि जूनमध्ये त्यांनी ती कंपनी विकत घेतली. गट केला की काय होतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, हे सगळं शहरातलं, परदेशातलं. नाही, बायांनो. हाच कान, हाच कारभारी आणि हाच हात आपल्या विहिरीवर आला आहे. त्याला आपण मोबाईल स्टार्टर म्हणतो. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. अंधारात बॅटरी घेऊन बांधावरून जायचं, साप-विंचवाची, बिबट्याची भीती, आणि तिथे पोचल्यावर वीज गेलेली. याच्याएवढा हेलपाटा दुसरा नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल या इंजिनिअरने शेतकऱ्यांसाठी 'नॅनो गणेश' नावाची यंत्रणा तयार केली, तिच्यात घरबसल्या फोनवरून मोटर चालू-बंद करता येते. केंब्रिजच्या कॉफीच्या भांड्यामागे जी अडचण होती तीच ही. फक्त तिथे कॉफी थंड व्हायची, इथे जिवावर बेतायचं.

पण आमच्या एका श्रोत्या ताईने जे सांगितलं ते ऐका. त्यांच्या मळ्यात मोबाईल स्टार्टर बसवला. स्टार्टरमध्ये नंबर नोंदवला नवऱ्याचा. एकदा दादा लग्नाला बाहेरगावी गेले. रात्री वीज आली, त्यांनी तिकडून मोटर चालू केली आणि फोनची बॅटरी उतरली. वाफा भरला, पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या कांद्यात शिरलं. ताईच्या हातात फोन होता, पण स्टार्टर तिचं ऐकेना. शेवटी रात्री एक वाजता ती लेकीला घेऊन विहिरीवर गेली आणि हाताने मोटर बंद केली. ती म्हणाली, "नंबर त्यांचा आणि हेलपाटा माझा." दुसऱ्या दिवशी तिने घरात विषय काढला. दादांनी मेकॅनिक बोलावून तिचाही नंबर घातला. पाच मिनिटांचं काम होतं. ते आधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रूथ श्वार्ट्झ कोवन नावाच्या अमेरिकन इतिहासकार बाईने १९८३ साली एक पुस्तक लिहिलं. तिथल्या घरांत शंभर-दीडशे वर्षांत इतकी यंत्रं आली, तरी बाईचे कामाचे तास फारसे का कमी झाले नाहीत, याचा तिने शोध घेतला. तिला दिसलं ते असं, की नवी शेगडी आल्यावर लाकडं फोडण्याचं काम सुटलं, पण ते पुरुषाचं काम होतं. रांधणं होतं तसंच राहिलं, उलट रोज नवा पदार्थ हवा झाला. धुण्याचं मशीन आलं, पण कपडे रोज बदलायची सवय लागली. आपल्याकडे मिक्सर आल्यावर काय झालं, आठवा. पाटा-वरवंटा सुटला हे खरंच, हाताला आराम पडला. पण रोज ताजी चटणी हवी, हेही त्याच्याच मागोमाग आलं.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही, मैत्रिणींनो. रात्रीचा एक हेलपाटा वाचला तर आम्ही त्या यंत्राला हळदकुंकू वाहू. एवढंच म्हणतो, घरात किंवा गटात असं काही घ्यायचं ठरलं की पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, यातून हेलपाटा कुणाचा वाचणार आणि मागचं भरणं-धुणं कुणाकडे राहणार? दोन, नंबर कुणाचा नोंदवणार, म्हणजे चावी कुणाच्या हातात असेल? तीन, नेट गेलं, वीज गेली, कंपनी बंद पडली, तर हाताने चालवता येतं का?

पुण्याची ती ताई परत कामाला गेली. जाताना आम्ही तिला मेलिटाची गोष्ट सांगितली, वहीतल्या कागदाची. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे कॉफीचं खरं मशीन बाईनेच केलं होतं तर!"

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने आदल्या दिवशीचे आपले हेलपाटे मोजून या आणि वहीत लिहा. किती खेपा पाण्याच्या, किती मळ्याच्या, किती दळणाच्या. ती यादी आम्हाला पाठवा, आपण ती रेडिओवर वाचू. गिलब्रेथबाईने २८१ पावलं मोजली तेव्हाच ती ४५ झाली. आधी मोजायला हवीत.

बरं, तव्यावरची भाकरी उलटा, करपेल. पुन्हा भेटू. नमस्कार.